ब्रेस्टस्ट्रोकची चॅम्पियन निवृत्त झाली, त्यानंतरची दीड वर्षं

हे सगळं लिहायला तिनं परवानगी दिलीये, पण नाव, गाव, पदकं आणि तिचं टायमिंग टाकायचं नाही ही अट. म्हणून "ती" एवढंच. मी तिच्या ग्रुपचा असिस्टंट कोच होतो, आठ वर्षं स्टॉपवॉच माझ्या हातात होतं, त्यामुळे मी काही तटस्थ माणूस नाही आणि खाली ज्या चुका येतील त्यातल्या दोन तरी माझ्याच आहेत. काही तपशील मुद्दाम बदललेत, घटनांचा क्रम बदललेला नाही.

पार्श्वभूमी

सातव्या वर्षी पाण्यात उतरली आणि अकराव्या वर्षापर्यंत सगळ्यांना कळून चुकलं की ही ब्रेस्टस्ट्रोकचीच. कारण फार मोठं नाही, घोटे. फ्रीस्टाइलला पाऊल सरळ मागे ताणलं जावं लागतं, ब्रेस्टस्ट्रोकला उलटं, पाऊल वर ओढून बाहेर वळवता आलं पाहिजे तरच तळपाय आणि पोटरीच्या आतल्या बाजूनं पाणी मागे ढकललं जातं. हिची पावलं नुसती उभी राहिली तरी बदकासारखी बाहेर. शाळेत त्यावरून चिडवायचे, पाण्यात तेच भांडवल झालं.

आता थोडं स्ट्रोकबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. चार स्ट्रोकमधला हा सगळ्यात हळू आणि नियमांनी सगळ्यात जखडलेला. दोन्ही हात एकाच वेळी, दोन्ही पाय एकाच वेळी, प्रत्येक सायकलमध्ये डोकं पाण्याच्या वर आलंच पाहिजे, टर्नला आणि शेवटी दोन्ही हात वेगवेगळे पण एकदम भिंतीला लागले पाहिजेत. एक हात आधी लागला की गेलात. इतके नियम का, तर या स्ट्रोकमध्ये पळवाटा फार, आणि लोकांनी त्या शोधल्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये जपानच्या मासारू फुरुकावानं २०० मीटरमधलं बरंच अंतर पाण्याखालूनच कापून सोनं नेलं, त्यानंतर नियमच बदलला. २००४ ला अथेन्समध्ये कोसुके किताजिमानं पुलआउटमध्ये (उडीनंतर आणि टर्ननंतर पाण्याखालून मारायचा पहिला लांब हात) डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून शेपटीसारखा फटका) मारली असा आरोप अमेरिकेच्या ॲरन पीअरसॉलनं उघडपणे केला, किताजिमाचं सोनं काही गेलं नाही, पण पुढच्या वर्षी नियमानंच एक डॉल्फिन किक दिली. एकच. आणि २०१२ च्या लंडनमधला १०० मीटरचा विजेता कॅमरन व्हॅन डर बर्ग नंतर स्वतःच म्हणाला की मी एकापेक्षा जास्त मारल्या, बाकीचेही मारत होते.

आमच्या हिला १९ व्या वर्षी एका मोठ्या फायनलमध्ये याच दुसऱ्या किकसाठी डिस्क्वालिफाय केलं होतं. ती आजही म्हणते मारलीच नव्हती. मी व्हिडिओ बघितलाय, मारली होती. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

तिची खरी रेस २०० मीटर. लांब ग्लाइड (स्ट्रोकनंतर अंग ताणून नुसतं सरकणं), कमी स्ट्रोक, तिसऱ्या ५० मध्ये बाकीच्या दमायला लागल्या की ही सरकत सरकत पुढे. आठवड्याला नऊ-दहा सेशन, चाळीसेक किलोमीटर, वर जिम. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं दुखणं पाच-सहा वर्षांचं सोबती, ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांना हे नवीन नाही, किक मारताना पाय बाहेर फेकला जातो आणि आतल्या लिगामेंटवर ताण येतो, या दुखण्याला नावच "ब्रेस्टस्ट्रोकर्स नी" असं आहे. बर्फ लावायचा, पट्टी बांधायची, पुढचा सेट.

२०२४ च्या सीझनमध्ये पॅरिस ऑलिंपिकची पात्रता वेळ थोडक्यात हुकली आणि सप्टेंबरमध्ये २७ व्या वर्षी तिनं निवृत्ती जाहीर केली. फोटो टाकला, मोठी पोस्ट लिहिली, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भाषणं झाली. सरांनी (हेड कोच) तिथंच माईकवर सांगून टाकलं की सोमवारपासून ती आपल्याच पूलवर लहान मुलांना शिकवणार. तिला आधी विचारलं होतं का? एकदा बोलता बोलता विचारलं होतं म्हणे. तिनं मान हलवली होती. एवढ्यावर ठरलं.

अडचण कुठे सुरू झाली

पहिले तीन आठवडे मजेत गेले, सगळ्यांचे जातात. मग एकेक गोष्ट यायला लागली आणि त्या सगळ्या एकाच प्रश्नाच्या फांद्या आहेत हे कळायला आम्हाला पाच महिने लागले.

पहिली शरीराची. ती एका दिवसात थांबली होती, म्हणजे शनिवारी चाळीस किलोमीटरवाली आणि सोमवारी शून्य. भूक मात्र जुनीच राहिली. पहाटे साडेचारला अलार्मशिवाय डोळे उघडायचे, दुपारी झोप, रात्री टक्क जागी. वजन वाढलं, त्याचं तिला इतकं काही वाटलं नाही, पण खांदे लहान होत चाललेत हे आरशात दिसलं तेव्हा ती रडली असं तिच्या ताईनं मला नंतर सांगितलं. गुडघा, गंमत बघा, पोहणं बंद केल्यावर जास्त दुखायला लागला, कारण त्याला धरून ठेवणारे मांडीचे स्नायूच ढिले पडले.

दुसरी कोचिंगची. तिला मुलांवर राग यायचा नाही, पण समजावता यायचं नाही. "पाणी पकड" म्हणायची. नऊ वर्षांचं पोर पाण्यात हात घालून मूठ बंद करायचं. जे तिला सातव्या वर्षापासून आपोआप येत होतं ते तोडून तुकड्यातुकड्यांत सांगायचं कसं हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं, आणि आम्ही धरून चाललो होतो की चॅम्पियन म्हणजे कोच आलीच. त्यात पलीकडच्या लेनमध्ये तिचाच जुना ग्रुप मेन सेट मारतोय आणि ही टी-शर्ट घालून काठावर. एकदा मी बघितलं, ती मुलांकडे पाठ करून उभी होती आणि चौथ्या लेनमधल्या मुलीचे स्ट्रोक मोजत होती. ओठ हलत होते.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि ही सगळ्यात महागात पडली असती. ती टेस्टिंग पूलमध्ये होती, म्हणजे डोपिंग टेस्टवाले कधीही येऊ शकतात त्या यादीत. या यादीतल्या खेळाडूला दर तीन महिन्यांनी आपण रोज कुठे असणार ते भरून द्यावं लागतं आणि रोजचा एक तास नक्की सांगावा लागतो, पहाटे पाच ते रात्री अकराच्या मधला, त्या तासात तुम्ही त्या पत्त्यावर सापडलाच पाहिजेत. हिचा तास पहाटे पाच ते सहा, घरचा पत्ता. निवृत्तीनंतर ती ताईकडे राहायला गेली. नोव्हेंबरमध्ये टेस्टवाले घरी आले, ती नव्हती. जानेवारीच्या तिमाहीचा फॉर्म तिनं भरलाच नाही, म्हणाली मी तर रिटायर झाले ना. झाले कुठे? सोशल मीडियावर झाली होती. फेडरेशनला लेखी पत्र गेलंच नव्हतं. ते पत्र जाईपर्यंत तुम्ही यादीतच असता. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्या (टेस्ट हुकणं किंवा माहिती न भरणं, कसंही मिळून तीन) की तो डोपिंगचा नियमभंग धरला जातो, सहसा दोन वर्षांची बंदी. हिच्या दोन झाल्या होत्या. तिसरी झाली असती तर आयुष्यभर साधी सर्दीची गोळीही विचारून घेणाऱ्या मुलीच्या नावापुढे डोपिंगची बंदी लागली असती.

हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये. लिथुआनियाची रुता मेइलुतीते, १५ व्या वर्षी लंडनला १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सोनं, २०१९ मध्ये बरोबर याच तीन चुकांत सापडली, २२ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली आणि दोन वर्षांची बंदी बसली.

आणि चौथी गोष्ट, जिला नाव द्यायला वेळ लागला. फेब्रुवारीत ती मला म्हणाली, "दादा, मला आता कुणी टाइम सांगत नाही." मला वाटलं वेळ, म्हणजे कुणी भेटायला वेळ देत नाही. तसं नव्हतं. वीस वर्षं दिवसातून शंभरवेळा कुणीतरी तिला एक आकडा सांगायचं आणि त्या आकड्यावरून आज मी कशी आहे ते तिला कळायचं. आता कळत नव्हतं. चांगला दिवस गेला की वाईट, काही पत्ता नाही.

काय काय करता येत होतं

फेब्रुवारीत आम्ही तिघं बसलो, ती, तिची ताई आणि मी. सरांना बोलावलं नाही, त्याचं पुढे मोठं झालं, पण ते जाऊ दे. माझ्या डायरीत तेव्हाचे पर्याय लिहिलेले आहेत, ते तसेच देतो पण थोडं खुलवून.

एक म्हणजे आहे तेच चालू ठेवायचं. पैसे येत होते, पूल ओळखीचा, सर नाराज होणार नाहीत. तिच्या घरच्यांना हेच हवं होतं. माझंही सुरुवातीला हेच मत होतं, मी म्हणालो सहा महिने दे, रुळशील. आता वाटतं मी हे माझ्यासाठी म्हणालो, ती पूलवर दिसत राहावी म्हणून.

दुसरं, पाण्याशी संबंधच तोडायचा. व्हॅन डर बर्गनं २०१८ च्या डिसेंबरमध्ये निवृत्ती घेऊन सरळ फायनान्समध्ये नोकरी धरली, हे उदाहरण ताईनंच शोधून आणलं होतं. पण त्याच्याकडे जायला ठिकाण तयार होतं. हिची डिग्री दोन वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेली. ताईचं म्हणणं, मग पूर्ण कर. ती म्हणाली, वर्गात १९ वर्षांची पोरं असतील. ताई म्हणाली, असू देत की.

तिसरं, खेळातच पण काठाच्या दुसऱ्या बाजूला. हंगेरीचा डॅनिएल ग्युर्ता, लंडनचा २०० मीटरचा विजेता, तो २०१६ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून आला. किताजिमा तर टोकियोच्या एका प्रोफेशनल टीमचा जनरल मॅनेजर झाला, टीमचं नावच फ्रॉग किंग्ज. ही मोठ्या लोकांची उदाहरणं, आपल्याला कोण बोलावतंय, असं ती म्हणाली आणि ते खरं होतं. पण त्यावरूनच कुणीतरी, बहुतेक ताईच, म्हणालं की जज होता येतं का गं? त्यावर ती इतकी चिडली की तो विषय तिथंच बंद झाला. १९ व्या वर्षीचा तो हात वर केलेला जज तिच्या डोक्यातून गेलेलाच नव्हता.

चौथा पर्याय कुणी बोललं नाही पण तिघांच्याही मनात होता. परत यायचं.

काय केलं

सगळ्यात आधी पत्र. त्याच आठवड्यात फेडरेशनला आणि डोपिंगविरोधी संस्थेला लेखी निवृत्ती कळवली, पोच घेतली. हे काम अर्ध्या तासाचं होतं आणि सप्टेंबरमध्येच व्हायला हवं होतं, आणि ते आठवण करून देणं माझं काम होतं. ही माझी पहिली चूक.

मग कोचिंग सोडलं. सरांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं, मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली. सर दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत.

स्पोर्ट्स डॉक्टरकडे गेलो. त्यांनी हृदयाची तपासणी केली, ती नॉर्मल आली, आणि मग आम्हाला चांगलंच झापलं. इतकी वर्षं ट्रेनिंग केलेलं शरीर असं धाडकन थांबवत नाहीत, गाडी उतारावर गिअर टाकून उतरवतात तसं उतरवायचं असतं. रेसच्या आधी टेपर करायला आम्ही दोन-तीन आठवडे देतो, रोजचे मीटर मोजून कमी करतो, आणि करिअर संपताना शून्य दिवस दिले, हे त्यांनी म्हटल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिन्यांचा प्लॅन आखून दिला: आठवड्यातून तीनदा पाणी, तेही दुसऱ्या पूलवर, ब्रेस्टस्ट्रोक अगदी थोडा म्हणजे गुडघ्याला त्रास नको, मांडीच्या ताकदीचे व्यायाम, आणि घड्याळ नाही. शेवटची अट सगळ्यात अवघड गेली. त्या पूलच्या भिंतीवर मोठं पेस क्लॉक होतं, ती त्याच्याकडे पाठ होईल अशी बाजू धरून सुरुवात करायची आणि टर्न मारल्यावर ते समोर यायचंच. शेवटी ती पाठीवर पोहायला लागली, छत बघत.

सायकॉलॉजिस्टकडे जायला तयार नव्हती, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गेली. तिथं पहिल्याच भेटीत त्यांनी एक छोटी प्रश्नावली दिली, १९९३ साली ब्रुअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर या तिघांनी बनवलेली, माणूस स्वतःला किती प्रमाणात फक्त खेळाडू समजतो ते त्यात बघतात. "माझे बहुतेक मित्र खेळाडू आहेत" अशा धर्तीची वाक्यं. तिनं बाहेर येऊन फोन केला, "दादा, सगळ्यांत फुल मार्क्स." वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला मार्क जास्त मिळाल्याचं वाईट वाटलं असणार. ऑस्ट्रेलियाची लीसेल जोन्स, बीजिंगची १०० मीटरची विजेती, तिनं आपल्या डिप्रेशनबद्दल उघडपणे सांगितलेलं आहे, ब्रिटनचा ब्रेस्टस्ट्रोक चॅम्पियन ॲडम पीटीनं २०२३ मध्ये मानसिक आरोग्याचं कारण देऊन ट्रायल्समधून माघार घेतली होती, तेव्हा या भानगडी फक्त हरणाऱ्यांच्या नसतात हे तिला तिथं समजावून सांगितलं गेलं. पहिले दोन महिने फरक पडला नाही. मला वाटत होतं बंद करेल, पण ती जात राहिली.

मधेच आलेलं वळण

आणि एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली की २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक घेतलाय. बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायसुद्धा, पण आमच्यासाठी ब्रेस्टस्ट्रोक. तोपर्यंत ऑलिंपिकला १०० आणि २०० एवढंच होतं. मला तिचा मेसेज पहाटे आला, फक्त बातमीची लिंक. खाली काही लिहिलेलं नाही.

मी खूश झालो हे कबूल करतो. आणि लगेच कागद-पेन घेऊन बसलो, ही माझी दुसरी चूक, कारण तिनं अजून काही विचारलंच नव्हतं.

हिशोब असा होता. यादीतला खेळाडू निवृत्त झाला आणि परत यायचं म्हणाला तर सहा महिने आधी लेखी कळवावं लागतं, ते सहा महिने टेस्टिंगसाठी उपलब्ध राहावं लागतं, तोवर स्पर्धा नाही. म्हणजे मे मध्ये कळवलं तर नोव्हेंबर. शिवाय त्या दोन चुका पुसल्या जात नाहीत, निवृत्तीचा काळ त्या बारा महिन्यांत धरला जात नाही, म्हणजे परत आली तर डोक्यावर दोन चुका घेऊनच येणार. वय २८, लॉस एंजलिसला ३१. अशक्य नाही, मेइलुतीतेच बघा ना, बंदी संपवून आली, २०२२ ला ५० मीटरची जागतिक विजेती झाली आणि २०२३ ला फुकुओकात २९.१६ चा जागतिक विक्रम केला. हे उदाहरण मी तिला अगदी उत्साहानं पाठवलं.

तिनं उलट विचारलं, "पण ती ५० ची आहे. मी कुठे आहे?"

मुद्दा बरोबर होता आणि मला आधी सुचायला हवा होता. २०० आणि ५० हे नावाला एक स्ट्रोक. २०० मध्ये ग्लाइड धरून ठेवायची, ताकद वाचवायची. ५० मध्ये ग्लाइड जवळपास नाहीच, हात पाय गेले की लगेच पुन्हा गेले, स्ट्रोकचा वेग प्रचंड, आणि गुडघ्यावर प्रत्येक किकला पूर्ण झटका. तिची सगळी कला ज्या गोष्टीत होती तीच ५० मध्ये काढून टाकावी लागणार होती.

तरी आम्ही एक टाइम ट्रायल घेतली. सायकॉलॉजिस्टना विचारून, त्या म्हणाल्या घ्या, पण निकालाआधी लिहून ठेवा की कुठल्या आकड्याला काय करायचं. हे मला फार आवडलं. तिनं चिठ्ठीवर लिहिलं, बेस्टपेक्षा एका सेकंदाच्या आत असेल तर विचार, नाहीतर नाही. जूनमध्ये सकाळी पूल रिकामा असताना ती पोहली, मी घड्याळ लावलं. जवळपास तीन सेकंद जास्त. मी म्हणालो, अगं नऊ महिन्यांच्या सुट्टीनंतर तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, चार महिन्यांत उतरतील. ते तांत्रिकदृष्ट्या कदाचित खरंही असेल. ती काठाला धरून तशीच पाण्यात थांबली होती, म्हणाली, "दादा, चिठ्ठी."

मी घड्याळ खिशात घातलं.

पुढे काय झालं

जुलैमध्ये तिनं डिग्रीचे राहिलेले पेपर द्यायला फॉर्म भरला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक पेपर राहिलाय, बाकीचे सुटले, वर्गातली १९ वर्षांची पोरं तिला ताई म्हणतात आणि तिच्याकडून नोट्स घेतात.

खरी गंमत जजची. ज्या विषयावर ती चिडली होती तो ऑगस्टमध्ये तिनंच काढला. ज्युनिअर मीटला ऑफिशियल कमी पडत होते, कुणीतरी विचारलं, आणि तिनं ऑफिशियलचा कोर्स केला. मला वाटलं महिनाभर करेल. कोर्सवरून आली ती नियमपुस्तक तोंडपाठ करूनच, मला फोनवर विचारते, "पुलआउटमध्ये डॉल्फिन किक कधी मारता येते सांग." मी सांगितलं, पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी कधीही, एकदाच. "आणि आधी?" आधी म्हणजे हाताचा पुल सुरू झाल्यानंतरच चालायची, २०१४ च्या सुमारास सैल केलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे माझी पहिली किक नियमात बसत होती." मी म्हणालो, पहिली नाही, दुसरी धरली होती. फोन ठेवला तिनं.

ऑक्टोबरमध्ये टर्नच्या बाजूला तिची ड्यूटी होती, अकरा वर्षांच्या मुलींची १०० मीटर. तिच्या लेनमधली मुलगी पहिली येत होती आणि टर्नला डावा हात आधी लागला, उजवा नंतर. हिनं हात वर केला, कागदावर लिहिलं, रेफ्रीकडे दिलं. निर्णय रेफ्रीचा असतो, पण हात हिचा. मुलगी रडली, आईवडील आले, आवाज चढला. ही त्या मुलीला बाजूला घेऊन बसली, तिला वाईट वाटू नये असलं काही म्हणाली नाही, फक्त कागदावर दोन हातांचं चित्र काढून दाखवलं कुठे काय झालं. मग मुलीला विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं का?" मुलगी म्हणाली, हो.

त्या संध्याकाळी तिचा मला मेसेज आला. "दुसरी किक. मारली असेल." असेल. एवढंच मिळालं मला नऊ वर्षांनी.

आता हे सगळं छान झालं असं चित्र उभं राहतंय म्हणून हेही सांगतो. झोप अजून नीट नाही. गुडघ्याचं काम चालूच आहे, जिने उतरताना दुखतं. ऑफिशियलच्या कामावर घर चालत नाही, ते मानधनाचं काम, त्यामुळे पैशाचा प्रश्न डिग्रीनंतर जे मिळेल त्यावर अवलंबून आहे, आणि ताईनं सध्या बराच भार उचललाय. सरांशी बोलणं सुरू झालं पण आधीसारखं नाही. २५ वर्षांवरच्यांसाठी मास्टर्स स्पर्धा असतात, त्यात उतर म्हणून तिला बरेच लोक सांगतात. तिनं अजून नाव दिलेलं नाही. घड्याळाशी तिचं काय ते अजून ठरायचंय.

काय वेगळं करता आलं असतं

निवृत्तीचं पत्र तर सांगून झालं, ते जाहीर करण्याच्या दिवशीच गेलं पाहिजे होतं, फोटोच्या आधी.

पण मला जास्त टोचतं ते त्या सप्टेंबरच्या सोमवारचं. आम्ही तिला एकही मोकळा दिवस न देता त्याच पाण्याच्या काठावर उभं केलं. सरांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, त्यांना वाटलं रिकामी बसली तर खचेल. माझ्या मते काम द्यायचंच होतं तर वेगळ्या पूलवर, आणि शिकवायला लावायच्या आधी शिकवायचं कसं ते शिकायला पाठवून. २०० मीटरच्या चॅम्पियनला आम्ही रेसच्या आधी पूल दाखवायला नेतो, भिंत कशी आहे, ब्लॉक कसा आहे, आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तिच्या गळ्यात माईकवरून घातलं.

शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे ती अजून पोहत असताना, डिग्रीचे एक-दोन पेपर सुटले असते तर? मी तेव्हा म्हणालो होतो, लक्ष विचलित नको. तिच्या टायमिंगवर त्याचा किती परिणाम झाला असता हे आता सांगता येत नाही, पण पॅरिसची वेळ तशीही हुकलीच.

टाइम ट्रायलचा निर्णय आम्ही दोघं आजही वेगळा वाचतो. मला वाटतं एका सेकंदाची अट फार कडक होती, एवढ्या सुट्टीनंतर कुणालाही ती जमली नसती, म्हणजे चिठ्ठी लिहितानाच तिनं उत्तर ठरवलं होतं. हे मी तिला विचारलं. या लेखाचा कच्चा मसुदा वाचायला दिला तेव्हा इथं तिनं पेन्सिलनं खूण केली आणि बाजूला लिहिलं, "अर्थात."

आणखी एक खूण वर होती, जिथं मी लिहिलं होतं की पाच महिने वाया गेले. ते वाक्य आता तिथं नाही, तिनं काढायला लावलं. तिचं म्हणणं, ते वाया नव्हते, तेव्हा मला काहीच करायचं नव्हतं आणि कुणी मला नीट काही न करता बसू दिलं नाही. मी म्हणालो म्हणजे आधी थांबवलं ते चूक, का नंतर कामाला लावलं ते चूक? म्हणाली, "थांबले ते बरोबर होतं. फक्त तेव्हा पाण्यातून बाहेर यायला शिडी हवी होती, आणि तुम्ही सगळे काठावर टाळ्या वाजवत उभे होतात."